घाणेरी काढली तरी पुन्हा दाट का उगवते?

तुमचा प्रश्न असा: गावाशेजारच्या जंगलातली घाणेरी, म्हणजे बाहेरून येऊन रानभर पसरलेलं ते झुडूप, दोन वर्षांपूर्वी काढली, यंदा ती आधीपेक्षा दाट आलीय. मग हा खर्च कशासाठी, आणि तुम्ही अभ्यासक मंडळी नेमकं करता काय?

आधी मीच विचारते, काढली म्हणजे कशी काढली? कोयत्याने सपासप कापली असेल तर ती काढलेलीच नाही. बागेतली मेंदी छाटतात तशी छाटलीय. घाणेरीचं (तुमच्याकडे टणटणी म्हणत असतील) खोड संपून मूळ जिथे सुरू होतं त्या सांध्यातून तिला नवे फुटवे येतात. वरून कापलं की एका खोडाच्या जागी पाच-सहा उभे राहतात. दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक साधी पद्धत बसवली आणि उत्तराखंडातल्या कॉर्बेटच्या जंगलात वापरून दाखवली. मातीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर, त्या सांध्याच्या खाली, मुख्य मूळ कुदळीने तोडायचं. मग अख्खं झुडूप उचलून उलटं ठेवायचं, म्हणजे तो सांधा पुन्हा मातीला लागत नाही. फवारणी नाही, यंत्र नाही.

ऐकायला सोपं आहे. मी पहिल्यांदा कुदळ हातात घेतली तेव्हा दोन तासांत जेमतेम दहा-बारा झुडपं झाली, तळहाताला फोड आले आणि पानांचा तो उग्र वास अंघोळीनंतरही गेला नाही. सोबतच्या वनमजूर मावशींची तेवढ्या वेळात अख्खी रांग संपली होती. माझं एक झुडूप हलवून बघत त्या म्हणाल्या, "ताई, हे वरच तुटलंय. पावसात भेटायला येईल बघा." आलंच. पण कामाचं मोजमाप हेक्टरात होतं, घाव मातीखाली कुठे बसला हे कोण बघणार? तिथेच निम्मा पैसा वाया जातो असं माझं मत आहे.

उरलेला निम्मा वाया जातो तो नंतर. घाणेरीची काळी-जांभळी फळं लहानपणी आपणही खाल्लीत, बुलबुल आणि साळुंक्या तर त्यावर तुटून पडतात. पोट भरलं की पक्षी जवळच्या उंच झाडावर जाऊन बसतात, आणि बिया त्या झाडाखाली पडतात. म्हणून पावसाळ्यात मी आधी मोह-तेंदूच्या बुंध्याशी वाकून बघते. बोटभर रोपं चिमटीत धरून उपटता येतात. पण हे सलग दोन-तीन पावसाळे करावं लागतं, आणि कागदावर काम पहिल्याच वर्षी पूर्ण झालेलं असतं.

शिवाय जागा मोकळी झाली, की तिथे आयतं ऊन येतं. आपण मारवेल, पवन्या असल्या गवतांचं बी त्याच वर्षी टाकलं नाही आणि थोडे दिवस गुरं लांब ठेवली नाहीत, तर रानतुळस नाहीतर रानमोडी जागा बळकावते. म्हणजे एक पाहुणी घालवून दुसरी आणायची. हरणाला दोन्हींचा उपयोग नाही.

आता आम्ही काय करतो ते. वन्यजीव अभ्यासक निनाद मुंगी आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार भारतातल्या वाघांच्या जंगलांपैकी सुमारे दीड लाख चौरस किलोमीटरवर, म्हणजे ४० टक्क्यांहून जास्त भागात, घाणेरी आहे. एवढी उपटून काढणं कुणाच्याही बापाला जमणार नाही. तेव्हा कुठे हात घालायचा आणि कुठे नाही, हे ठरवायला नकाशे लागतात. माझा आग्रह असतो की जिथे ती विरळ आहे, नुकती शिरतेय, तिथे आणि गवताळ कुरणांत आधी जा. दाट रान दिसतं म्हणून तिथेच फोटो काढायला जाऊ नका. ओढ्यावरच्या उतारावर ऐन पावसाच्या तोंडावर सगळी काढली तर माती वाहून जाते, म्हणून तिथे पट्ट्यापट्ट्याने काढावी लागते. तिच्या आडोशाला रानडुकरंही दुपार काढतात, हेही धरावं लागतं.

"तिला खाणारा कीटक सोडा की" असंही तुम्ही लिहिलंय. सोडून झालंय. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झुडूप म्हणून कलकत्त्याच्या बागेत आलेल्या या बाईसाहेबांसाठी १९४१ मध्ये एक ढेकणासारखा छोटा कीटक मागवला होता. चाचणीत तो सागावरही जगतो असं दिसलं, म्हणून त्याला सोडायचं रद्द झालं. तरी तो निसटलाच. घाणेरी अजून मजेत आहे.

फर्निचरचं म्हणाल तर कर्नाटकात मलेमहादेश्वर डोंगरांत तिच्या काठ्यांचं सुंदर सामान बनतं. लोकांना चार पैसे मिळतात, छानच. जंगल त्याने मोकळं होत नाही.

तुम्ही एक करा. या रविवारी तिथे जाऊन चार-पाच झुडपांच्या बुडाशी माती उकरून बघा. जुन्या थोटकातून फुटवे आले असतील, तर कापणं चुकलं. एकेकटी सरळ रोपं असतील आणि वर एखादा मोह असेल, तर कापणाऱ्यांची चूक नाही, नंतर तिकडे कुणी फिरकलं नाही.