चिंगीची केमो आणि मुलाचा सिंथेसायझर

लीड्सहून एका ताईंचं पत्र आलंय. त्यांची बारा वर्षांची मांजर चिंगी बरेच महिने रोडावत चालली होती, अधूनमधून उलट्याही व्हायच्या. बायोप्सीत आतड्यांचा लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर निघाला, लहान पेशींचा. व्हेटनी, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांनी, केमोथेरपी सुचवली आहे. सांगलीहून सासूबाई म्हणतात, "मुक्या जिवाचे हाल कशाला करता?" आणि सोळा वर्षांचा मुलगा घरात कोणाशी धड बोलत नाही. तो रोज रात्री सिंथेसायझर, म्हणजे विजेवर चालणारं पट्ट्यांचं वाद्य वाजवतो आणि चिंगी त्या सिंथवरच पसरलेली असते.

ताई, सासूबाईंचं आधी घेते, कारण त्यांचं बोलणं मायेपोटी आलंय. केमो म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे माणसांची केमो येते. मांजरांना औषधाचे डोस बेतानेच देतात, हेतूच मुळी त्यांचे दिवस सुखाचे जावेत हा असतो. लहान पेशींचा लिम्फोमा सावकाश वाढतो. त्यावर बहुधा प्रेडनिसोलोन (हे स्टेरॉइड) आणि क्लोरॅम्ब्युसिल (हे केमोचं औषध) अशा दोन गोळ्या देतात, त्याही घरीच. अंगावरची लव सहसा जात नाही, फार तर मिशा गळतात. बहुतेक मांजरांना गुण येतो आणि पुष्कळशी दोन वर्षं किंवा त्याहूनही जास्त जगतात, खाऊनपिऊन. मोठ्या पेशींचा लिम्फोमा असता तर मी इतक्या ठामपणे लिहिलं नसतं. तिथे दवाखान्यात इंजेक्शनं घ्यावी लागतात आणि बरेचदा हाती काही महिनेच येतात. तुमच्या चिंगीसाठी मात्र माझं मत स्पष्ट आहे, उपचार सुरू करा. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर हेच सांगा आणि चिंगी दाखवा.

आता गोळ्यांचं. क्लोरॅम्ब्युसिलची गोळी तोडायची नाही, कुटायची नाही आणि हातमोज्यांशिवाय हाताळायची नाही. ती फ्रिजमध्ये ठेवावी लागते, म्हणून झाकणाच्या वेगळ्या डब्यात ठेवा, दह्या-लोण्याच्या शेजारी नको. घरात कोणाला दिवस गेले असतील तर त्यांनी गोळीला आणि लिटरलाही (मांजराच्या शी-शूच्या वाळूलाही) हात लावू नये. बाकीच्यांनी लिटर हातमोजे घालूनच काढायचं. गोळी कोरडी दिली तर अन्ननलिकेत अडकू शकते. थोडं लोणी चोपडा आणि मागून सिरिंजने चमचाभर पाणी हळूहळू पाजा. प्रेडनिसोलोनमुळे तहान, भूक आणि लघवी वाढेल, त्याने घाबरू नका. रक्ताच्या तपासण्या मात्र एकही चुकवू नका, कारण क्लोरॅम्ब्युसिलने पांढऱ्या पेशी घटू शकतात. ब जीवनसत्त्वांपैकी बी१२ कमी आहे का, तेही व्हेटना विचारा. आतड्याच्या आजारात ते बरेचदा कमी पडतं आणि इंजेक्शनने भरून काढता येतं. आणि घरातली पॅरासिटामॉल चिंगीला कधीही देऊ नका, एका गोळीनेही मांजराचा जीव जातो.

खर्चाचं लिहिलंत. विमा आधीपासून असेल तर पॉलिसी दरवर्षी नव्याने मर्यादा भरणारी आहे की एका आजाराला एकदाच पैसे देणारी, ते बघा. नवीन विमा आत्ता काढून उपयोग नाही, आधीचा आजार त्यात धरत नाहीत. ब्रिटनमध्ये व्हेटकडून लेखी प्रिस्क्रिप्शन मागून घेता येतं आणि औषध नोंदणीकृत ऑनलाइन फार्मसीतून आणता येतं. त्यात बरेचदा पैसे वाचतात. प्रिस्क्रिप्शनची फी लागते, तेवढी हिशेबात धरा.

मुलाबद्दल मला सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतं. चिंगी आजारी म्हणून त्याच्या खोलीचं दार लावू नका. रोडावलेल्या मांजराला थंडी वाजते आणि चालू असलेल्या जुन्या ॲनालॉग सिंथची वरची बाजू कोमट असते, म्हणून ती तिथे जाते. तिला सिंथच्या शेजारीच त्याच उंचीवर गरम पाण्याची पिशवी गुंडाळलेलं पांघरूण द्या. मुलाला वाद्याच्या पट्ट्या मोकळ्या मिळतील, वाद्यात केस आणि उलटी जाणार नाही. वायरी मात्र चावण्याच्या टप्प्याबाहेर बांधून घ्या. आवाजाचंही त्याला सांगा. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजराला ६० किलोहर्ट्झच्याही पुढे. आपल्याला नुसत्या तीक्ष्ण वाटणाऱ्या सुरांनी ती दचकते. सिंथचा फिल्टर (सुराची धार कमी-जास्त करणारा भाग) किंचाळवायचा असेल तेव्हा हेडफोन, ती जवळ असताना खालचे, लांबवलेले सूर. हे सगळं त्याच्यावर सोपवा, गोळ्यांचं वेळापत्रक आणि आठवड्याचं वजनसुद्धा. लिहायला वही द्या. सोळाव्या वर्षी "बोल रे बाबा" म्हणून कोणी बोलत नाही, पण आकडे दाखवताना बोलेल. आणि त्याने विचारलं की ती बरी होईल का, तर खरं सांगा: आजार ताब्यात राहील, पूर्ण जाणार नाही.

डिसेंबरात सगळ्यांनी मिळून सांगलीला जायचं तुमचं चाललंय. पहिले काही महिने घरातल्या एकाने तरी मागे राहावं असं मला वाटतं. हातमोजे, गोळी, लिटर हे सगळं शेजारणीवर टाकण्यासारखं नाही. सासूबाईंनाच इकडे आणता आलं तर फार बरं. व्हिजिटर व्हिसाला साधारण तीन आठवडे लागतात, तेव्हा अर्ज आत्ताच करा.