मुखपृष्ठावरचे दुसरे नाव

नाशिक

चिरंजीव,

सप्रेम आशीर्वाद.

शहरातल्या एका बालरोगतज्ज्ञांनी पालकत्वावरचे पुस्तक तुझ्यासोबत लिहिण्याची तयारी दाखवली आहे आणि त्यासाठी वर्तमानपत्रातली नोकरी सोडावी का, असे तू विचारले आहेस. पुस्तक अवश्य लिही. नोकरी मात्र सोडू नकोस. हजार प्रतींची आवृत्ती, अडीचशे रुपये किंमत आणि दहा टक्के रॉयल्टी असा हिशेब धर. शेवटची प्रत खपल्यावर दोघांचे मिळून 25,000 रुपये होतात आणि त्यातला निम्मा वाटा तुझा. डॉक्टरांचे या रकमेवाचून काही अडत नाही, तुझे घरभाडे मात्र त्यावर निघणार नाही. शिवाय कुटुंब पुरवणीच्या टेबलावर रोज येणारी वाचकांची पत्रे हेच या पुस्तकाचे खरे भांडवल आहे, आणि नोकरी सोडलीस की तेही हातचे जाईल.

आता या कामातली तुझी जागा कोणती, याविषयी. डॉक्टर बोलतील आणि तू ते नीटनेटक्या मराठीत उतरवशील, अशी त्यांची कल्पना असण्याची शक्यता आहे. तसे झाले तर पुस्तक शुद्ध होईल, पण कोणाच्या उपयोगाचे होणार नाही. तू तिथे ओपीडीबाहेर बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या आईच्या वतीने गेलेली वार्ताहर आहेस, आणि आत गेल्यावर जे प्रश्न विचारायला तिला वेळ मिळत नाही किंवा धीर होत नाही, ते सगळे तू विचारायचे आहेत.

उदाहरणादाखल मधाचे घे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, हे डॉक्टर एका वाक्यात सांगतील आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतील. तिथेच त्यांना थांबव. का देऊ नये, असे विचारलेस तर ते सांगतील की मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, मोठ्या माणसाच्या आतड्यात ते सहसा काही करत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजून ते विष तयार करू शकतात आणि त्या विषाने बाळाचे स्नायू लुळे पडतात. मग विचार की मध उकळून दिला तर चालेल का. उत्तर येईल की घरच्या उकळण्याने हे बीजाणू मरत नाहीत. आणि मग खरा प्रश्न विचार: जन्मलेल्या बाळाला सोन्याच्या अंगठीने मध चाटवण्याची रीत पाळणारी सासू समोर उभी आहे आणि तिला नाही म्हणण्याची सोय सुनेला नाही, अशा घरात काय करायचे? इथे डॉक्टर क्षणभर गप्प होतील आणि मग कदाचित म्हणतील की घरी सोडण्यापूर्वी आजीला मी स्वतः समोर बसवून सांगतो, माझ्यावर ढकला. हे वाक्य पुस्तकात आले पाहिजे, कारण वाचणारी सून ते घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जाऊ शकते. पहिल्या चिकाविषयीही असेच. तो बाळाला द्यावा एवढे लिहून भागत नाही. तो पिळून टाकायला सांगणारी बाई घरातली सर्वांत अनुभवी बाई असते, आणि तिला अडाणी ठरवणारे पुस्तक त्या घरात उघडले जात नाही.

यावरूनच दुसरी गोष्ट निघते. ‘पालक’ म्हणजे कोण, हे पहिल्या बैठकीतच बोलून घ्या. गंगापूर रोडवरच्या सदनिकेत राहणारे, दोघेही नोकरी करणारे आई-वडील डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर असतील, कारण त्यांच्या दवाखान्यात तेच येतात. पण सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीने काम करणारे वडील आठवडा आठवडा मुलाला जागे पाहत नाहीत, आणि सुरगाणा-पेठहून द्राक्षांच्या गोडी छाटणीला दिंडोरी-निफाडच्या बागांत उतरणारी कुटुंबे लेकरांना बरोबर घेऊन येतात व शाळेची पाटी मागे ठेवतात. मुलाला त्याच्या खोलीत नेऊन झोपण्यापूर्वी गोष्ट वाचून दाखवा, हा सल्ला परदेशी पुस्तकांतून जसाच्या तसा आपल्याकडे येतो. त्यात स्वतंत्र खोली, पुस्तक, रात्री मोकळा असलेला पालक आणि वाचता येणारा पालक अशा चार गोष्टी गृहीत आहेत. तुमचे पुस्तक सगळ्यांसाठी आहे असा आव आणू नका. छाटणीला आलेली आई ते विकत घेणार नाही, हे मान्य करून चाला. मात्र तिच्यासारखीला निष्काळजी ठरवणारे एकही वाक्य त्यात राहू देऊ नकोस. साने गुरुजींनी 1933 मध्ये आपल्याच नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले, ते गरिबीने गांजलेल्या घराविषयीचे पुस्तक आहे, आणि आईने त्या त्या प्रसंगी काय केले ते सांगत सांगतच ते पुढे जाते. उपदेशाचा मोह झाला की ही रीत आठवून पाहा.

खऱ्या मुलांच्या हकिगती वापरताना फार जपून राहा. नाशिक कितीही वाढले तरी शाळा, वसाहत आणि वडिलांचा व्यवसाय एवढे कळले की मूल कोणाचे ते ओळखणारा कोणी ना कोणी निघतोच, त्यामुळे नुसते नाव बदलून भागत नाही. पोक्सो कायद्याचे, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या कायद्याचे कलम 23 पीडित बालकाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा, परिसर यांपैकी ओळख पटवणारे काहीही माध्यमांना उघड करू देत नाही. बाल न्याय अधिनियम, 2015 चे कलम 74 विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, आणि काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांना तेच संरक्षण देते. उपचार घेणाऱ्या मनोरुग्णाची माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देण्यास 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाई केली आहे. बातमीदारीत हे सारे तुला ठाऊक असेल; पण डॉक्टर गप्पांच्या ओघात पेशंटची गोष्ट सांगतात, तेव्हा समोर वही उघडी आहे याचे भान तुलाच ठेवावे लागेल. अनेक कुटुंबांतले तपशील मिसळून एक कुटुंब उभे केले असेल, तर तसे प्रस्तावनेत वाचकाला सांगावे.

करार लेखी हवा, आणि पहिले प्रकरण लिहिण्यापूर्वी हवा. त्यात ‘सहलेखक’ असे लिहिलेले असावे. ‘शब्दांकन’ या श्रेयावर भागवण्याचा प्रयत्न होईल. प्रश्न तुझे, रचना तुझी आणि भाषा तुझी असताना ते स्वीकारू नकोस. अमेरिकेत बेंजामिन स्पॉक या बालरोगतज्ज्ञांचे प्रसिद्ध पुस्तक 1946 मध्ये आले. पतीने तोंडी सांगावे आणि जेन या त्यांच्या पत्नीने ते टंकित करावे, अशा रीतीने त्याचा मोठा भाग तयार झाला. मुखपृष्ठावर नाव एकट्या पतीचे होते. आपल्या 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे दोघांचे योगदान वेगळे काढता येत नसेल तर ती संयुक्त कृती ठरते, आणि दोघांपैकी मागे राहणाऱ्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क टिकतो. प्रकाशकाला हक्क देताना मुदत लिहिली नाही तर ती 5 वर्षे समजली जाते, तेव्हा तो रकाना घाईत भरू नका. पुरवणीतले तुझे जुने लेख पुस्तकात घ्यायचे असतील, तर तुझे नेमणूकपत्र आधी काढून वाच. वेगळा करार नसेल तर नोकरीत लिहिलेल्या मजकुरावर वर्तमानपत्राच्या मालकाचा हक्क वृत्तपत्र-नियतकालिकांतल्या प्रसिद्धीपुरता असतो, बाकीचा लेखकाकडे राहतो. पण अलीकडची नेमणूकपत्रे सगळेच हक्क लिहून घेतात.

सुधारित आवृत्तीचे कलमही करारात घाल. त्याच स्पॉक यांच्या पुस्तकाने 1950 च्या दशकापासून बरीच वर्षे बाळाला पालथे झोपवण्याचा सल्ला दिला, आणि पालथे झोपवण्याचा बाळाच्या झोपेतल्या आकस्मिक मृत्यूशी असलेला संबंध स्पष्ट झाल्यावर 1992 मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेला नेमके उलट सांगावे लागले. वर्तमानपत्रातला लेख दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो, पुस्तक मात्र थोरल्या जावेकडून धाकटीकडे जात राहते. म्हणून आहार, झोप, लसी आणि औषधे यांची प्रकरणे दर आवृत्तीला कोण तपासणार, हे नावानिशी ठरलेले असावे.

पुस्तकाच्या प्रती घाऊक विकत घेऊ, असे सांगत एखादी बेबीफूड कंपनी पुढे आली, तर डॉक्टरांना आईच्या दुधाऐवजी दिल्या जाणाऱ्या बाळाच्या डबाबंद दुधाविषयीचा 1992 चा शिशुदुग्धपर्याय कायदा आणि त्याची 2003 ची दुरुस्ती वाचायला दे. या उत्पादकांनी आरोग्यसेवकांना भेटवस्तू किंवा आर्थिक लाभ देण्यास त्यात मनाई आहे. डॉक्टर नाराज झाले तरी चालेल.

तुला मूल नाही, मग तू हे काय लिहिणार, असे प्रकाशन समारंभात कोणीतरी विचारील. न्यायालयाच्या बातम्या देणाऱ्याला कोणी वकिलीची सनद विचारत नाही, एवढे सांगून पुढच्या प्रश्नाकडे वळ.

पहिल्या प्रकरणाचा मसुदा तयार झाला की तो मला पाठवण्याची घाई करू नकोस. तुझ्या गावच्या अंगणवाडी सेविकेला गाठ. तिच्या वेळेचा मोबदला दे आणि तिच्याकडून तो मोठ्याने वाचून घे. ती जिथे अडखळेल, जिथे हसेल आणि जिथे ‘आमच्याकडे असं नाही चालत’ म्हणेल, त्या जागा समासात टिपून ठेव. त्या टिपांसकट मसुदा डॉक्टरांना दे, आणि त्यांनी खोडलेले, तू परत घातलेले असे सगळे त्यात तसेच राहू देऊन एक प्रत माझ्याकडे धाड.

तुझी,
ताई