भिंतीला बुरशी आणि एजंट म्हणतो ‘खिडक्या उघडा’: आधी नोटीस, मग तपासणी

प्रश्न: इंग्लंडमध्ये रीडिंगला जुन्या विटांच्या घरात, तळमजल्यावर भाड्याने राहतो. मालक खासगी आहे. मागच्या बेडरूममध्ये कपाटामागचा कोपरा काळ्या बुरशीने भरलाय. खिडकीखाली तपकिरी डाग आहे, तो पावसानंतर पसरतो आणि गिलाव्याचे पोपडे निघतात. मुलाचा खोकला हटत नाही. एजंट फोनवर म्हणतो, ‘तुम्ही घरात कपडे वाळवता, खिडक्या उघडत चला.’ परवा एकजण दारावर येऊन ‘फुकट तपासणी करतो, इथे सही करा’ म्हणाला. सही करू का? तोवर भाडं थांबवू का?

उत्तर: दोन्ही नको. भाडं थकलं की तुम्हाला बाहेर काढायचं आयतं कारण मालकाच्या हाती पडतं. आणि त्या सहीखाली बहुधा ‘जिंकलो तरच फी’ असा करार असतो. मध्येच माघार घेतली तर काय भरावं लागेल आणि दाव्यासाठी काढलेल्या विम्याचा हप्ता भरपाईतून कापला जाईल का, हे त्यातल्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

तपासणीच्याही आधी नोटीस. घराच्या आतल्या दोषाबद्दल मालकाची जबाबदारी त्याला दोष कळल्यापासून मोजतात आणि फोनवरचं बोलणं सिद्ध करता करता दमछाक होते. आजच मालक आणि एजंट दोघांना ईमेल करा: कोणती खोली, कोणती भिंत, कधीपासून, सोबत फोटो, आणि दुरुस्तीसाठी घर कधी दाखवू शकता त्या तारखा. फोटोत शेजारी मोजपट्टी धरा. फोटो काढल्यावर बुरशी खुशाल पुसा; पुरावा म्हणून मुलाला त्या हवेत ठेवायचं कारण नाही.

तुमच्या वर्णनावरून त्या खोलीत दोन वेगळे आजार दिसतात आणि कायद्यात त्यांचे रस्तेही वेगळे आहेत. खिडकीखालचा डाग म्हणजे बाहेरचं पाणी आत येतंय. खिडकीच्या सिलखाली, म्हणजे बाहेर आलेल्या कठड्याखाली, पाणी तोडणारी एक खाच असते. ती रंगाने बुजली की पाणी खाली टपकण्याऐवजी भिंतीत शिरतं. गळकी पन्हळ हेही नेहमीचं कारण. घराची रचना आणि बाहेरचा भाग दुरुस्त ठेवणं मालकावर टाकणाऱ्या 1985 च्या लँडलॉर्ड अँड टेनंट अॅक्टच्या कलम 11 मध्ये हे सरळ बसतं आणि गिलावा हा घराच्या रचनेचाच भाग आहे, हे 2011 मध्ये ग्रँड विरुद्ध गिल खटल्यात ठरलंय.

कोपऱ्यातली काळी बुरशी मात्र बहुधा थंड भिंतीवर हवेतली वाफ जमून आलेली. खोलीत 20 अंश तापमान आणि 60 टक्के आर्द्रता असेल, तर 15 अंशांवर असलेल्या भिंतीलगत आर्द्रता 80 टक्क्यांपार जाते आणि बुरशीला तेवढं पुरतं. रचनेत बिघाड नसेल तर अशी ओल ‘दुरुस्ती’त येत नाही, असं 1985 मध्ये क्विक विरुद्ध टॅफ-इलाय खटल्यात ठरलं होतं आणि एजंटांचं खिडकीपुराण त्याच जोरावर चालायचं. 20 मार्च 2019 पासून त्याच कायद्यात कलम 9अ आलं: बिघाड नसला तरी घर राहण्यायोग्य हवं. मुख्य पळवाट अशी, दोष मुख्यतः भाडेकरूच्या वागण्याचा असेल तर मालक सुटतो. म्हणून स्वस्तातलं आर्द्रतामापक आणा आणि सकाळ-रात्रीचे आकडे, हीटिंगची वेळ दोन आठवडे वहीत टिपा. बाथरूमचा पंखा खरंच हवा ओढतो का, टिश्यू धरून बघा.

ईमेलनंतर मालक हलला नाही तर घरांच्या स्थितीविषयक दाव्यांच्या प्री-अॅक्शन प्रोटोकॉलप्रमाणे, म्हणजे कोर्टात जाण्याआधी पाळायच्या नियमांप्रमाणे, दाव्याचं पत्र पाठवा. त्यातच एका सर्वेअरचं (इमारत तपासणाऱ्या तज्ज्ञाचं) नाव सुचवून त्याला द्यायच्या सूचनांचा मसुदा जोडा. उत्तराला मालकाकडे 20 कामाचे दिवस असतात. दोघांचा मिळून एकच तज्ज्ञ ठरला तर फी सहसा निम्मी-निम्मी. मालक गप्प बसला तर सर्वेअर तुम्ही एकट्याने नेमा.

सर्वेअर निवडताना तो ओलीवरचं केमिकल विकणाऱ्या कंपनीचा नसावा. अशांना प्रत्येक भिंतीत इंजेक्शन मारण्याजोगी ओल दिसते. दोन पिनांचं मीटर लाकडासाठी बनवलेलं असतं. जुन्या गिलाव्यातल्या क्षारांनीही ते लाल दाखवतं, त्यामुळे नुसत्या मीटरच्या आकड्यांवर उभा अहवाल उलटतपासणीत टिकत नाही. जमिनीतून चढणारी ओल असल्याचा दावा असेल, तर भिंतीचा नमुना काढून पाण्याचं प्रमाण मोजायला सांगा. बाहेरची माती ओलरोधक थराच्या (जमिनीची ओल वर चढू न देणाऱ्या, भिंतीतल्या थराच्या) 150 मिलिमीटर खाली आहे का, तेही बघायला हवं. अहवालात प्रत्येक डागाचं कारण, करायची कामं, त्यांचा खर्च आणि मुदत हवी. शिवाय सिव्हिल प्रोसीजर रूल्स, म्हणजे दिवाणी न्यायालयांच्या नियमांच्या भाग 35 प्रमाणे, आपली बांधिलकी न्यायालयाशी आहे हे निवेदनही.

खर्चाच्या आकड्यावर बरंच अवलंबून आहे. दुरुस्ती 1,000 पौंडांच्या आत आणि भरपाईही तेवढ्याच्या आत असेल तर दावा स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांच्या वर्गात जातो आणि जिंकूनही वकिलाची फी सहसा परत मिळत नाही. तसं दिसलं तर आधी कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या, पर्यावरण आरोग्य विभागाला लिहा. हाउसिंग अॅक्ट 2004 खाली त्यांचा अधिकारी येऊन पाहतो, त्यासाठी तुम्हाला पैसे पडत नाहीत आणि मालकाला सुधारणेची नोटीस देण्याचा अधिकार त्यांना आहे. भरपाई मात्र तो मिळवून देत नाही.

बुरशीच्या घरात राहून दगावलेल्या अवाब इशाक या लहान मुलाच्या नावाचा कायदा ऐकला असेल. 27 ऑक्टोबर 2025 पासून तो लागू झाला तो सोशल हाउसिंगच्या (कौन्सिल किंवा हाउसिंग असोसिएशनच्या घरांच्या) मालकांना, त्यामुळे तुमच्या पत्रात त्याचा आधार घेऊ नका.

मुलाच्या खोकल्यासाठी जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) जाल तेव्हा घरातल्या बुरशीचा उल्लेख नोंदीत करायला सांगा. खराब झालेल्या गाद्या-कपड्यांचे फोटो आणि पावत्याही त्याच फाइलमध्ये ठेवा.