घरचा पीसी रखडतोय: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : २०१४ साली घेतलेला डेस्कटॉप आहे. चौथ्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १०. बटण दाबून चहा टाकावा, तो पिऊन व्हावा, तरी स्क्रीनवरचं चक्र फिरतच असतं. वर्षभरात दोनदा फॉरमॅट मारून घेतलं. पंधरा दिवस बरं चालतं, मग ये रे माझ्या मागल्या. एक दुकानदार म्हणतो रॅम वाढवा, दुसरा म्हणतो मदरबोर्डच बदला. कोणाचं ऐकू? (कोथरूड)

उत्तर : तूर्त दोघांचंही नको. पैसे खर्च करण्याआधी घोडं नेमकं कुठे अडतंय ते बघा. पीसी चालू झाल्या झाल्या कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’मध्ये जाऊन डिस्कवर क्लिक करा. तुम्ही सांगताय त्या मशीनवर बहुधा असं दिसेल: ‘अ‍ॅक्टिव्ह टाइम’ १०० टक्के, आणि खाली वाचण्या-लिहिण्याचा वेग मात्र सेकंदाला एक-दोन एमबी. ‘अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ काही शे मिलिसेकंदांवर गेलेला. प्रोसेसर तेव्हा निवांत बसलेला असतो. म्हणजे डिस्क सारखी राबतेय आणि तरीही काम उरकत नाहीये.

याचं कारण डिस्कच्या बनावटीतच आहे. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते. हवी ती जागा वाचणाऱ्या सुईखाली, म्हणजे हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंद जातात. हेड त्या मार्गावर नेऊन ठेवायला आणखी आठ-नऊ. एका तुकड्याला साधारण १३ मिलिसेकंद धरले, तर सेकंदाला पाऊणशेच्या आसपास तुकडेच वाचून होतात. विंडोज १० सुरू होताना हजारो छोट्या फायली मागते. त्याच वेळी अपडेट, डिफेंडरची तपासणी आणि सर्चची अनुक्रमणिका रांगेत उभी असते. एसएसडीत, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नसल्यामुळे ही रांग लागत नाही. फॉरमॅटनंतर पंधरा दिवस बरं वाटतं ते फायली आणि प्रोग्रॅम कमी असतात म्हणून. दुखणं जागच्या जागीच असतं.

तेव्हा पहिला खर्च एसएसडीचा. २.५ इंची साटा एसएसडी घ्या (साटा म्हणजे डिस्क बोर्डला जोडायची नेहमीची केबल). तुमच्या पिढीच्या बोर्डवर बहुतेक वेळा एम.२ची, म्हणजे पट्टीसारखी एनव्हीएमई एसएसडी थेट बोर्डवर बसवायची खाच नसते, त्यामुळे ‘एनव्हीएमई जास्त फास्ट’ हा सल्ला तुमच्या कामाचा नाही. विंडोज आणि कामाच्या फायलींसाठी २४० किंवा २५६ जीबी पुरते. जास्त घेतलीत तर चांगलंच, पण कसंही करून १५-२० टक्के जागा मोकळी राहू द्या. गच्च भरलेली स्वस्त एसएसडी लिहिताना हार्ड डिस्कइतकी मंद होऊ शकते. पुण्यातल्या तपकीर गल्लीत घ्या नाहीतर ऑनलाइन, पण ब्रँड ओळखीचा आणि वॉरंटीचं बिल हातात हवं. अनोळखी नावाची ‘२ टीबी’ फुकटात मिळाल्यासारखी दिसली, तर आत एखादं छोटं कार्ड दडलेलं असण्याची शक्यता धरून चाला.

बसवताना पोर्ट बघा. तुमच्या पिढीच्या प्रोसेसरसाठीच्या एच८१ चिपसेटच्या बोर्डवर चार साटा पोर्ट असतात, त्यातले दोनच ६ गिगाबिटचे. बऱ्याच बोर्डांवर त्यांचा रंग वेगळा असतो. एसएसडी तिथे लावा. ३ गिगाबिटच्या पोर्टवर लागली तरी पीसी चालतो, फक्त मोठ्या फायलींचा वेग ५००च्या जागी २५० एमबीच्या आसपास राहतो. कॅबिनेटमध्ये २.५ इंची खाच नसली तर स्वस्तातला ब्रॅकेट मिळतो. हलणारे भाग नसल्यामुळे दोन स्क्रूंवर टांगली तरी एसएसडीचं काही बिघडत नाही.

जुनी डिस्क जशीच्या तशी नव्यावर उतरवायची, म्हणजे क्लोन करायची असेल, तर एक खाचखळगा ठाऊक असू द्या. ५०० जीबीची डिस्क ४८० जीबीच्या एसएसडीवर क्लोनझिला हा क्लोन करणारा मोफत प्रोग्रॅम सरळ उतरवत नाही, कारण नवी डिस्क जुनीपेक्षा लहान आहे. आत फक्त ८० जीबी भरलेले असले तरी नाही. आधी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून पार्टिशन आखूड करावं लागतं, शिवाय क्लोनझिलाच्या एक्सपर्ट मोडमध्ये आकाराची तपासणी वगळावी लागते. मोठ्या एसएसडी कंपन्या स्वतःचं मोफत क्लोन सॉफ्टवेअर देतात, ते हा आकाराचा हिशेब आपोआप जुळवतं. तुम्ही दोनदा फॉरमॅट केलंच आहे, तेव्हा फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढून विंडोज नव्याने टाकणं जास्त स्वच्छ. ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागेल. मदरबोर्ड तोच असेल तर विंडोज १०चं डिजिटल लायसन्स नेटला जोडल्यावर आपोआप लागू होतं. मदरबोर्ड बदलायला लावणाऱ्याने हे तुम्हाला सांगितलं नसेल.

विंडोज टाकताना जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. ती लागलेली राहिली तर बूट होण्याच्या फायली बऱ्याचदा जुन्या डिस्कवरच जाऊन बसतात. सगळं छान चालतं, आणि सहा महिन्यांनी जुनी डिस्क काढली की पीसी ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ म्हणून हटून बसतो. बायोसमध्ये, म्हणजे पीसी चालू होताना उघडता येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, साटाचा मोड एएचसीआय (डिस्कशी बोलायची नवी पद्धत, जुनी ती आयडीई) आहे ना, तेही इन्स्टॉल करण्याआधी बघा.

जुन्या डिस्कवर माल ठेवण्यापूर्वी क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅमने तिची तब्येत तपासा. ०५, सी५ आणि सी६ या ओळींतले कच्चे आकडे (‘रॉ व्हॅल्यू’) शून्य हवेत. सी५ वाढत चालला असेल तर ती डिस्क बॅकअपलाही नको. फक्त सी७ वाढत असेल तर डिस्क बहुधा ठीक असते, दोष केबलचा. साटा केबल बदलून बघा.

रॅम यानंतर. ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडे असताना मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर राहत असेल तर ४ची ८ जीबी करा. उलट क्रमाने केलंत, म्हणजे रॅम आधी आणि डिस्क तीच, तर सुरू व्हायला लागणारा वेळ जवळपास तेवढाच राहील आणि रॅमला बोल लागेल.

आणखी एक. विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जादा मुदतीच्या योजनेत नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. तुमचा प्रोसेसर विंडोज ११च्या अधिकृत यादीत बसत नाही; इंटेलमध्ये ती यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. बँकेचे व्यवहार याच मशीनवर होत असतील तर पुढची सोय लिनक्सची, त्याबद्दल खाली आहेच. एसएसडी आणि रॅम तिथेही उपयोगी पडतात, पैसे वाया जात नाहीत.

प्रश्न : कोअर टू ड्युओचा पीसी आहे. ८ जीबीची डीडीआर३ रॅम आणून बसवली तर स्क्रीन काळी आणि नुसती बीप-बीप. रॅम खराब निघाली का? (चिंचवड)

उत्तर : बहुतेक रॅम चांगली आहे, बोर्डला ती समजत नाहीये. डीडीआर३ घेणारे त्या काळातले बोर्ड बहुधा जी४१ चिपसेटचे. त्यांना एका खाचेत जास्तीत जास्त ४ जीबी चालते, आणि तीही कुठलीही नाही. पट्टीच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ मिळून सोळा चिप असलेली ४ जीबी चालते. एकाच बाजूला आठ चिप असलेली ४ जीबी तो ओळखत नाही, कारण तिच्या एकेका चिपची क्षमता दुप्पट असते. म्हणून दुकानात बोर्डचं नाव सांगून मागा आणि बदलून मिळेल असं आधीच ठरवून घ्या. ऑनलाइन फार स्वस्तात मिळणाऱ्या काही पट्ट्या फक्त एएमडीच्या बोर्डवर चालतात. वर्णनात खाली बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं.

जुनी पट्टी परत लावूनही बीप येत असेल तर संपर्क बिघडलाय. पावसाळ्यात हे हमखास होतं. प्लग काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून उरलेला करंट जाऊ द्या, पट्टीचे सोनेरी दात साध्या खोडरबरने हलके पुसा आणि भुगा झटका. पॉलिश पेपर अजिबात नको, मुलामा निघून जातो. पट्टी बसवताना कडेच्या क्लिपा ‘टक्’ झाल्या पाहिजेत.

आणि हे सगळं करण्याआधी विंडोज ३२ बिटचं आहे का ते बघा. असेल तर ४ जीबीतले सव्वातीन-साडेतीनच वापरात येतात. वर कितीही लावा, उपयोग शून्य.

प्रश्न : सुरुवातीला वेग ठीक असतो. अर्ध्या तासाने पंखा घोंघावायला लागतो आणि माऊससुद्धा अडकतो. शेजारी बांधकाम चालू आहे, घरात धूळ खूप. (वाकड)

उत्तर : प्रश्नातच उत्तर आलंय. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. एचडब्ल्यूमॉनिटरसारखा प्रोग्रॅम लावून आकडे बघा. नुसता बसलेला असताना ३५ ते ५० अंश ठीक, भरपूर कामात ८०-८५पर्यंत चालेल, ९५ला टेकत असेल तर उघडाच. पुण्यातल्या एप्रिलमध्ये खोलीच ३६-३७ अंशांवर असते, तेवढी सूट धरा.

पंख्याखालच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांमध्ये धुळीची गोधडी बसलेली असते. ब्लोअरने उडवताना पंखा बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने तो भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं. व्हॅक्यूम क्लीनरची नळी बोर्डाजवळ नको, तिच्यात स्थिर वीज साठते. तेवढ्याने तापमान उतरलं नाही तर हीटसिंक काढून थर्मल पेस्ट बदला. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मधोमध मुगाच्या दाण्याएवढी नवी लावा. पसरवायची गरज नाही, दाबाने पसरते. इंटेलच्या साध्या कूलरला चार पुश-पिन असतात. त्या समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या जोडीने बसवा आणि बोर्डाच्या मागच्या बाजूने चारही पिना बाहेर आल्यात का ते बघा. एक जरी अर्धवट राहिली तर तापमान आधीपेक्षा वाढतं, आणि दोष पेस्टवर जातो.

प्रश्न : घरून डीटीपीची कामं करतो. जुनं मराठी फॉन्ट सॉफ्टवेअर, त्याचं प्रिंटर पोर्टला लागणारं डोंगल (ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) आणि विंडोज ७. वेग वाढवायचाय पण हे सॉफ्टवेअर बंद पडून चालणार नाही. (नारायण पेठ)

उत्तर : मग मदरबोर्डला हात लावू नका. नव्या बोर्डवर पॅरलल पोर्ट, म्हणजे तुमचं ते प्रिंटर पोर्ट, सापडणं अवघड, आणि यूएसबीचे जे कन्व्हर्टर मिळतात ते प्रिंटरपुरते, डोंगल त्यांच्यावर सहसा ओळखलं जात नाही. नवं इन्स्टॉल न करता आहे ती डिस्क एसएसडीवर क्लोन करा आणि जुनी डिस्क पाकिटात घालून जपून ठेवा.

बायोसमध्ये साटा ‘आयडीई’वर असेल आणि तुम्ही थेट एएचसीआय केलंत, तर विंडोज ७ निळी स्क्रीन दाखवून परत फिरतं. आधी रजिस्ट्रीत सर्व्हिसेसखाली ‘एमएसएएचसीआय’ शोधा, त्यातला ‘स्टार्ट’ आकडा ० करा, पीसी बंद करा आणि मग बायोस बदला. क्लोननंतर डीफ्रॅगचं (फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावण्याचं) वेळापत्रक हाताने बंद करा, एसएसडीला त्याचा फायदा नाही, उगीच झीज होते.

विंडोज ७चे अपडेट १४ जानेवारी २०२० पासून बंद आहेत आणि क्रोमची १०९ ही त्याच्यावर चालणारी शेवटची आवृत्ती. तेव्हा हे मशीन नेटपासून तोडा. ईमेल दुसऱ्या मशीनवर, फायली पेनड्राइव्हने, आणि तो पेनड्राइव्ह आधी तिकडे स्कॅन करून. नव्या कामांचा मजकूर युनिकोडमध्ये घेत चला. जुन्या फॉन्टमधल्या फायली दुसरीकडे उघडल्या की नुसती गिचमिड दिसते, म्हणून छापून झालेल्या प्रत्येक कामाची पीडीएफ वेगळी ठेवा.

प्रश्न : २ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप मुलीला टायपिंगपुरता द्यायचाय. लिनक्स चालेल? (हडपसर)

उत्तर : प्रोसेसर ६४ बिटचा असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती चालेल. २ जीबी ही तिची किमान गरज, ४ असतील तर सुखाने. इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालवून वायफाय आणि आवाज तपासून घ्या. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट मिळतो. रॅम बोर्डलाच डकवलेली असेल तर मात्र व्हिडिओ आणि चार टॅबची अपेक्षा ठेवू नका.

प्रश्न : ‘पीसी बूस्टर’ टाकू का? (बिबवेवाडी)

उत्तर : नको. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ टॅबमधून नको ते प्रोग्रॅम बंद करा, मुख्यतः तेवढंच काम हे बूस्टर करतात आणि स्वतः मात्र कायमचे मुक्कामाला राहतात. अँटिव्हायरस आणि टचपॅडच्या नोंदी तशाच राहू द्या.

प्रश्न : गुरुवारी वीज जाते. इन्व्हर्टर असूनही त्या क्षणी पीसी रीस्टार्ट होतो, नंतर बराच वेळ डिस्क तपासत बसतो. हल्ली तारीखही मागे जाते आणि कुठलीही साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणते. (सहकारनगर)

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. तारखेसाठी बोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. तो ३ व्होल्टचा असतो, अधिकची बाजू वर. घड्याळ मागे असलं की साइटचं प्रमाणपत्र ब्राउझरला अवैध वाटतं, म्हणून तो इशारा. सेल काढल्यावर बायोसची सेटिंग मूळपदाला जाते. बूटचा क्रम आणि साटाचा मोड पुन्हा बघा, नाहीतर सेल बदलला आणि पीसीच गेला असं वाटेल.

रीस्टार्टसाठी इन्व्हर्टरच्या मागे बघा. बऱ्याच इन्व्हर्टरना ‘यूपीएस’ आणि ‘इको’ किंवा ‘नॉर्मल’ असं बटण असतं. पंखे-दिव्यांसाठीच्या मोडमध्ये बदल व्हायला जास्त मिलिसेकंद लागतात, आणि जुन्या एसएमपीएसचे (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचे) कपॅसिटर तेवढा दम धरत नाहीत. बटण यूपीएसवर करा. तरीही रीस्टार्ट झालाच तर एसएमपीएस बदला, आणि बदलताना ४५० वॉट छापलेला सर्वात स्वस्त डबा न घेता नावाजलेल्या कंपनीचा घ्या. बदलेपर्यंत गुरुवारी सकाळी पीसी बंदच ठेवलेला बरा.