निसटत्या सार्वमतानंतर पुन्हा मतदान घ्यावं का?

ब्रेक्झिटसारखा ५२-४८ निकाल लागला तर लोकांना पुन्हा विचारावं का, असा तुमचा प्रश्न आहे. निकाल केवळ निसटता आहे म्हणून अजिबात विचारू नये, असं माझं ठाम मत आहे. पुन्हा विचारायला वेगळी कारणं लागतात.

२३ जून २०१६ला ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने ५१.९ टक्के मतं पडली, मतदान ७२.२ टक्के झालं. मग ब्रिटिश संसदेच्या संकेतस्थळावरच्या एका अर्जावर ४० लाखांहून जास्त सह्या झाल्या. मागणी अशी की मतदान ७५ टक्क्यांच्या खाली असेल आणि विजयी बाजूला ६० टक्के मिळाले नसतील तर पुन्हा मतदान घ्या. हा अर्ज मतदानाआधीच दाखल झाला होता, तोही बाहेर पडू पाहणाऱ्या माणसाने. सह्यांचा पूर मात्र निकालानंतर, हरलेल्या बाजूकडून आला. ६० टक्क्यांची अट वाईट नव्हती, पण मतं मोजून झाल्यावर लावलेली अट कोण मानणार? मॉन्टेनेग्रोत २००६ साली स्वातंत्र्यासाठी ५५ टक्क्यांची अट आधीच ठरली होती. ५५.५ टक्के पडले आणि देश स्वतंत्र झाला.

अट आधी ठरवतानाही जपावं लागतं. स्कॉटलंडमध्ये १९७९ साली स्वतःच्या विधिमंडळासाठी झालेल्या सार्वमतात 'हो'ला एकूण नोंदणीकृत मतदारांच्या ४० टक्के मतं हवी होती. ५१.६ टक्के मतं 'हो'ला पडली, पण ती एकूण मतदारांच्या जेमतेम ३३ टक्के भरली आणि प्रस्ताव पडला. यादीतली मृत आणि दुबार नावं अशा अटीत आपोआप 'नाही'कडे जमा होतात. किमान मतदानाची अट घातली तर विरोधक घरी बसूनच प्रस्ताव पाडू शकतात. म्हणून ५५ किंवा ६० टक्क्यांची अट घालायचीच तर ती झालेल्या मतांवर घालावी.

अंतर फारच कमी असेल तर आधी मोजणी आणि बाद मतं तपासावीत. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात १९९५ साली स्वातंत्र्यावरच्या सार्वमतात फरक ५४,२८८ मतांचा होता आणि बाद मतपत्रिका ८६ हजारांवर. आपल्याकडे २०२४ला मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल ४८ मतांनी लागला. तिथेही कायद्याचा रस्ता फेरमोजणीचा आणि ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिकेचा. फरक कमी एवढ्यावर फेरमतदान मागता येत नाही.

मग कधी मागावं? एक, मतदारांना चुकीची माहिती दिली गेली असेल तर. स्वित्झर्लंडमध्ये फेब्रुवारी २०१६ला विवाहित जोडप्यांच्या करावरचा प्रस्ताव ५०.८ टक्के विरोधी मतांनी पडला. लग्नामुळे जास्त कर भरावा लागणारी जोडपी सरकारने ८० हजार सांगितली होती, खरा आकडा निघाला ४ लाख ५४ हजार. २०१९मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते मतदान रद्द केलं. कमी अंतर महत्त्वाचं ठरतं ते इथे, कारण चुकीच्या आकड्याने निकाल फिरला असण्याची शक्यता खरी असते.

दुसरं म्हणजे प्रस्तावच बदलला असेल तर. डेन्मार्कने जून १९९२मध्ये युरोपीय संघ स्थापणारा मास्ट्रिख्ट करार ५०.७ टक्क्यांनी नाकारला. त्यानंतर चलन, संरक्षण यांसह चार बाबींत सूट मिळवली आणि मे १९९३मध्ये ५६.७ टक्क्यांनी होकार दिला. हे मला रास्त वाटतं. पण एक गोष्ट खटकते. त्याच करारावर फ्रान्समध्ये जेमतेम ५१ टक्के 'हो' आलं, तिथे दुसरं मतदान झालं नाही. पुन्हा विचारायचा नियम 'हो' आणि 'नाही' दोन्हीला सारखा लागत नसेल, तर हरलेल्यांनी तो मानावा अशी अपेक्षा करू नये.

काळाचं बंधनही हवं. मुंबईतल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत सर्वसाधारण सभेचा ठराव सहा महिन्यांच्या आत रद्द करायला आणता येत नाही. देशाच्या प्रश्नाला तर अधिक काळ द्यायला हवा.

माझ्या मते सर्वांत चांगली पद्धत न्यूझीलंडची. दोन टप्पे आधीच ठरवायचे. १९९२मध्ये त्यांनी निवडणूक पद्धत बदलायची का आणि चारपैकी कोणती हवी, असं विचारलं. मग नव्या पद्धतीचा पूर्ण कायदा लिहून मंजूर केला, पण तो लागू होणं मतदारांच्या होकारावर ठेवलं. १९९३च्या अंतिम मतदानात जुनी आणि नवी अशा दोनच पद्धती होत्या आणि नवीला ५३.९ टक्के मतं पडली. तिसरा पर्याय नसल्याने मतं फुटली नाहीत, आणि 'हो' म्हणजे नेमकं काय ते कलमांसकट आधीच छापलेलं होतं.