माळ्यावरचा एफटी-१०१ई: आधी कान, मग तोंड

तुमचा प्रश्न मी असा समजलो. नाशिकच्या पंचवटीतला आजोळचा वाडा पाडायला काढलाय, माळा उतरवताना मामांचा एफटी-१०१ई, म्हणजे यासू कंपनीचा हॅम रेडिओचा (हौशी बिनतारी संदेशवहनाचा) जुना संच, सापडला, वीसेक वर्षं त्याला कुणी हात लावलेला नाही. हॅमची परीक्षा तुम्ही दिली आहे, परवाना यायचाय. एक दुकानदार म्हणतो ‘ठेवून जा, सगळे कंडेन्सर बदलून देतो’ आणि भाऊ म्हणतो ‘एकदा प्लग लावून तर बघू’. दोघांचंही ऐकू नका.

भावाचं आधी. ही चूक मी स्वतः केली आहे. माझा पहिला एफटी-१०१ मी देवळालीत एका निवृत्त गृहस्थांकडून घेतला. घरी आणला, प्लग लावला, डायल उजळली, सेव्हन मेगावर (सात मेगाहर्ट्झच्या हॅम पट्ट्यावर) दोन-तीन स्टेशनं बोलताना ऐकू आली. मी खूश. लगेच बोलण्यासाठी ट्रान्समीटर ट्यून करायला बसलो. मीटरची सुई चढली ती खाली येईना. ‘अजून थोडं फिरवून बघू’ करत नॉब फिरवत राहिलो आणि जाळीतून आत पाहिलं तर दोन्ही फायनलच्या, म्हणजे सिग्नलला शेवटची ताकद देणाऱ्या व्हॉल्व्हच्या, प्लेटा तापलेल्या तव्यासारख्या लाल. स्विच बंद करेपर्यंत व्हॉल्व्ह गेले. दुसरी जोडी अमेरिकेतून येणाऱ्या एका नातेवाइकाच्या बॅगेतून आली, आठ महिन्यांनी. दोष निघाला एका छोट्याशा कंडेन्सरमध्ये. त्याच्याबद्दल पुढे लिहितो.

आता दुकानदाराचं. त्याचा हेतू चांगलाही असेल, पण ‘सगळे बदलतो’ हे वाक्य ऐकलं की मी संच उचलून घरी येतो. वयानं मरतात ते इलेक्ट्रोलिटिक. सिरॅमिक आणि मायकाचे बहुतेक ठणठणीत असतात. शिवाय हे बोर्ड जुने, सोल्डरिंगची कांडी जरा जास्त वेळ टेकली की तांब्याची पट्टी पापुद्र्यासारखी सुटून येते. आणि सर्वात वाईट म्हणजे उत्साहाच्या भरात फिरवलेले कॉइलचे गाभे. सत्तरच्या दशकातले जे संच माझ्याकडे आले, त्यात काळानं बिघडलेले कमी आणि कुणीतरी ‘दुरुस्त’ केलेले जास्त होते. मामांनी बंद करून ठेवला तेव्हा चालू होता ना? मग आतली अलाइनमेंट (सर्किटांची जुळणी) आजही जवळपास तिथेच आहे. ट्रिमरला, म्हणजे ती जुळणी ठरवणाऱ्या छोट्या स्क्रूंना, हात लावायचा नाही.

पहिला आठवडा वीज नाहीच. वरचं-खालचं झाकण काढा. स्क्रू जपानी आहेत, त्यांची चौफुली आपल्या नेहमीच्या फिलिप्सपेक्षा किंचित वेगळी असते. जोर केला की डोकं झिजतं, तेव्हा घट्ट बसणारं टोक शोधा. मग फायनलच्या पिंजऱ्याचं झाकण. एकदा एका संचात मला तिथे कुंभारमाशीचं मातीचं घरटं, पालीच्या अंड्यांची टरफलं आणि टँक कॉइलच्या वेढ्यांत अडकलेली अर्धी पाल मिळाली होती. मऊ ब्रशनं हळू झाडा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, धूळ बँडस्विचच्या पत्र्यांत जाऊन बसते. आणि वाड्यात कधी पुराचं पाणी शिरलं होतं का, ते घरात विचारा. माळ्यावर पोचलं नसणार, पण गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती बुडाल्याच्या वर्षी तळमजल्यावरचं सामान वर गेलं असेल तर हा आधी भिजून मग वर चढलेला असू शकतो. ट्रान्सफॉर्मरच्या तळाशी गाळाची रेघ दिसली तर सगळा हिशेब वेगळा. मग आधी मोटार रिवाइंडिंगवाल्याकडच्या मेगरनं ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन तपासायचं.

इथे एक इशारा. आत ६०० व्होल्ट तयार होतात आणि बंद केल्यावरही फिल्टर कंडेन्सर ते धरून ठेवू शकतात. ते आपोआप रिकामे करणारा ब्लीडर रेझिस्टर तुटला असेल तर खूप वेळ. प्रत्येक वेळी हात घालण्याआधी इन्सुलेटेड क्लिप लावलेल्या जाड रेझिस्टरनं ते रिकामे करा आणि मीटरवर शून्य बघा. पेचकस टेकवून ठिणगी पाडणारे उस्ताद मी पाहिलेत. कंडेन्सरलाही ते मानवत नाही. चालू संचात मोजताना एक हात खिशात.

वीज द्यायच्या आधी ट्रान्सफॉर्मरची जोडणी बघा. याचं प्रायमरी (भिंतीतल्या विजेकडचं वेटोळं) १००, ११०, ११७, २००, २२० किंवा २३४ व्होल्टला बांधता येतं. जपानातल्या ग्राहकासाठी बनलेला संच १०० ला असतो, अमेरिकेतून आलेला ११७ ला. तो तसाच आपल्या भिंतीत लावला तर धूर निघणार. आपल्याकडे २३४ चीच जोडणी हवी. मामांनी ती २२० ला ठेवली असेल तरी बदला. आमच्या भागात रात्री अकरानंतर मी २४५ व्होल्ट मोजलेत. २२० च्या जोडणीवर याचा अर्थ सगळं ११ टक्के वर: प्लेटचे ६०० होतात ६६८ आणि व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या हीटरचे १२.६ होतात १४. जुन्या व्हॉल्व्हला हा छळ कशाला?

मग डिमरस्टॅट (व्होल्टेज हळूहळू वाढवता येणारा ट्रान्सफॉर्मर), आणि त्याच्याशी सिरीजमध्ये १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब. एलईडी चालत नाही. संचाचा हीटर स्विच बंद. पण हीटर बंद म्हणजे प्लेटचे ६०० व्होल्ट बंद, असं नाही हं. साठ व्होल्टपासून सुरुवात करा, तासभर थांबा, मग शंभर, मग दीडशे, असं दिवसभरात वर या. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. तेवतच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बंद करा. पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिकच्या आतला ऑक्साइडचा थर झिजलेला असतो, हळूहळू व्होल्टेज दिलं की तो पुन्हा धरतो. तरीही जो गरम होईल, फुगेल किंवा बुडाशी ओलसर दिसेल तो बदला. दुकानदाराचं म्हणणं खरं आहे ते फक्त एवढ्याच कंडेन्सरांपुरतं.

पूर्ण व्होल्टेजवर आलात की बल्ब काढा आणि अँटेना न लावता कॅलिब्रेटर (डायल तपासायला संचातच असलेला खुणेचा सिग्नल) चालू करा. डायलवर दर १०० किलोहर्ट्झला शिट्टी आली तर रिसीव्हर जवळपास पूर्ण जिवंत आहे. नसेल आली तर घाबरू नका. एफटी-१०१ चे बोर्ड सॉकेटमध्ये खोचलेले असतात, आणि वीस पावसाळ्यांत त्या कडांवर काळपट थर चढतो. वीज काढून एकेक बोर्ड उपसा, कडा खोडरबरानं घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, परत बसवा. माझ्या अनुभवात निम्मे ‘मेलेले’ रिसीव्हर एवढ्यावर उठून बसतात. रिलेच्या काँटॅक्टला पॉलिश पेपर लावू नका. व्हिजिटिंग कार्डाची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून काँटॅक्टमध्ये धरायची आणि ओढायची. पट्टीवर काळी रेघ उमटते, ती उमटायची थांबेपर्यंत.

आणि इथे थांबा. खरंच सांगतो, महिनाभर फक्त ऐका. गच्चीवर दहा मीटर तार ताणा, प्रीसिलेक्टर (रिसीव्हर हव्या पट्ट्यावर जुळवायचा नॉब) फिरवताना सळसळ कुठे भरून येते ते कानाला कळू द्या. सकाळी सेव्हन मेगावर नेट (हॅम मंडळींच्या ठरलेल्या वेळच्या भेटी) चालू असतात, ते ऐका. अर्ध्या तासात स्टेशन डायलवर किती सरकतं ते वहीत लिहा. संचाचे बारीकसारीक रोग या महिन्यात आपणहून समोर येतात, आणि तेव्हा फायनल पणाला लागलेले नसतात.

मग तोंडाकडे, म्हणजे ट्रान्समीटरकडे, वळायचं. फायनलला सिग्नल पुरवणारा ड्रायव्हर व्हॉल्व्ह १२बीवाय७ए, त्याच्या प्लेटपासून फायनलच्या ग्रिडकडे एक छोटा कंडेन्सर जातो. तो गळू लागला की प्लेटवरचं धन व्होल्टेज ग्रिडवर येतं, फायनलचा प्रवाह आवरणारा ऋण बायस संपतो आणि फायनल, म्हणजे ६जेएस६सी, लाल होतात. माझे आठ महिने खाल्ले ते यानंच. तो मीटरवर चांगला दिसला तरी बदला, मूळ मूल्याचाच, पण १००० व्होल्ट सहन करणारा मायकाचा. ‘जे बिघडलं नाही त्याला हात लावू नका’ या माझ्या नियमाला एवढा एकच अपवाद.

त्यानंतर ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर. बल्ब नको, त्याचा रोध तापमानासोबत बदलत राहतो. एसएसबी (आवाजाच्या) मोडमध्ये माइक गेन शून्यावर ठेवून पीटीटी (माइकचं बोलायचं बटण) दाबा आणि बायस असा लावा की स्थिर प्रवाह ६० मिलिअँपिअर येईल. ट्यून करताना पूर्ण कॅरियर दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मग थांबायचं, व्हॉल्व्हना श्वास घेऊ द्यायचा. ६जेएस६सी मुळात टीव्हीच्या पडद्यावर रेघा ओढणाऱ्या स्वीप सर्किटासाठीचे व्हॉल्व्ह. ते झटके सोसतात, पण सतत दाबून धरलेलं सोसत नाहीत.

दोन्ही फायनलचे हीटर एकामागोमाग जोडलेले आहेत, गणपतीच्या दिव्यांच्या माळेसारखे. एक तुटला की दोन्ही काळे. पण दोन्ही काळे दिसले म्हणून लगेच ऑनलाइन नवी जोडी मागवू नका. मागे ॲक्सेसरी सॉकेटमध्ये एक प्लग असतो, त्यात पाय १ आणि २ यांच्यात जोडतार असते आणि हीटरचा प्रवाह त्यातूनच जातो. आवराआवरीत कुणी ‘हा कशाचा?’ म्हणून फेकला की हीटर लागतच नाहीत. याची वीज घ्यायची वायरही खास आहे, एसीची वेगळी, डीसीची वेगळी, दुसरी कुठली बसत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी लिहितो. परवाना हातात येईपर्यंत असा संच बाळगणंसुद्धा नियमात बसत नाही. तेव्हा तोवर तो माझ्या टेबलावर राहू दे, काम तुमच्याच हातांनी करू. डिमरस्टॅट, बल्ब, डमी लोड सगळं इथे आहे. रविवारी सकाळी या, रिक्षानं येणार असाल तर मांडीवर जाड चादर घ्या, पंधरा किलोचं धूड आहे. पण त्याआधी माळ्यावर पुन्हा एकदा चढा आणि ती वायर आणि तो प्लग शोधा. जुन्या डब्यात, पत्र्याच्या ट्रंकेत, कुठेही असेल. वाडा पडल्यावर सापडणार नाही.