अंग फुगवून बसणारी कोंबडी

प्रश्न : शेजारचे कुटुंब घर सोडून गेले, तेव्हा खुराड्यात मागे राहिलेली एक कोंबडी आम्ही आठवड्यापूर्वी आणली. तिच्या पाठीवर पिसे नाहीत आणि छातीचे हाड बोटांना धारदार लागते. धान्य भरपूर ठेवूनही ती चार दाणे टिपते आणि अंग फुगवून बसते. तिला आमच्या कोंबड्यांत सोडावे का?

उत्तर : इतक्यात सोडू नका; किमान 30 दिवस वेगळी ठेवा, कारण तिचा रोग इतरांना लागू शकतो आणि अशक्त कोंबडीला कळप टोचून हैराण करतो. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे 41 अंश सेल्सिअस असते. पिसे आणि चरबी दोन्ही नसताना तिचे बरेचसे खाणे ऊब टिकवण्यातच खर्ची पडते. म्हणून धान्याआधी उबेची सोय करा. कोरड्या खोक्यात पेंढा घालून एकाच टोकाला विजेचा दिवा लावा, म्हणजे उकडल्यास तिला दूर सरकता येईल.

पाणी चोचीत ओतू नका, कारण श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या लगेच मागे असते; चोचीचे टोक पाण्यात बुडवले की ती स्वतः पिते. कोमट पाण्यात भिजवलेले खाद्य थोडेथोडे, दिवसातून चार-पाच वेळा द्या. उकडलेले अंडेही चुरून घाला. कोंबडीला अंडे भरवणे अनेकांना विचित्र वाटते, पण पिसे जवळजवळ सगळी प्रथिनांचीच असल्याने ती पुन्हा येण्यासाठी प्रथिने लागतातच.

रोज पहाटे, खाणे देण्यापूर्वी, गळ्याखालची अन्नाची पिशवी बोटांनी चाचपा. ती रिकामी लागली पाहिजे. रात्रभरानंतरही टणक किंवा पिळपिळीत लागली, तोंडाला आंबूस वास आला, तर घरगुती उपाय न करता पशुवैद्याला दाखवा. शेपटीखालची पिसे बाजूला सारून मुळाशी पांढरट अंड्यांचे पुंजके दिसतात का, तेही बघा. ती उवांची अंडी असतात. लाल माइट (रक्त शोषणारे बारीक किडे) मात्र दिवसा खुराड्याच्या फटींत दडतात, म्हणून जुने खुराडे आणले असेल तर रात्री विजेरीने तपासा. औषधाची मात्रा वजनावर ठरते आणि औषध चालू असतानाची अंडी किती दिवस खाऊ नयेत हेही पशुवैद्यच सांगतील.

अंड्यांची घाई मात्र करू नका. एका कवचासाठी सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम लागते. तो खर्च तिचे शरीर सध्या टाळते आहे. दर आठवड्याला ठरावीक वेळी वजन करा. ते सलग वाढू लागले आणि पाठीवर नव्या पिसांचे कोंब टोचू लागले, की जाळीपलीकडे तुमची सर्वांत शांत कोंबडी ठेवून ओळख सुरू करा.